झोपलेली बॅटरी आणि मेलेली बॅटरी



वसंत व्याख्यानमालेच्या या व्यासपीठावर साहित्य, इतिहास, अध्यात्म असे भारदस्त विषय येतात. माझा विषय त्या मानाने काळ्या हातांचा आहे. पुष्कळ दिवस नुसती पडून राहिलेली बॅटरी चार्जिंगला लावली तरी विजेला दाद का देत नाही, आणि तिला पुन्हा कामाला लावता येते का, एवढेच मी सांगणार आहे. मी विज्ञानाचा पदवीधर नव्हे. जिनिंगमधले कामगार, रिक्षावाले, एस. टी. वर्कशॉपमधले कारागीर यांच्यात संघटनेचे काम करताना जे डोळ्यांनी पाहिले आणि मागाहून पुस्तकांतून पडताळून घेतले, तेच आपल्यापुढे ठेवतो.

या विषयाशी माझी गाठ पडली ती एका पगारकापणीमुळे. जळगाव जिल्ह्यातल्या एका जिनिंगमध्ये हंगामाच्या आरंभी डिझेल जनरेटर सुरू होईना. आपल्याकडे कापसाचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि उन्हाळ्यात संपतो. मग रेचे थांबतात, माणसे गावी जातात, आणि जनरेटर शेडमध्ये धूळ खात उभा राहतो. त्या वर्षीही तो पाच-सहा महिने उभा होता. बटन दाबले तर ‘टिक’ एवढाच आवाज. चार्जर लावला तर त्याचा तांबडा दिवा लागून राहिला. जनरेटर चालवणारा गडी मला येऊन सांगू लागला, "दादा, बॅटरी मरी गयी, आणि मालक म्हणतो पैसे तुझ्या पगारातून."

पगारातून नुकसानीची कापणी करण्यापूर्वी कामगाराचा हलगर्जीपणा दिसून आला पाहिजे आणि त्याचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे, हे तत्त्व आपल्या कायद्यात १९३६ सालापासून आहे. पण म्हणणे मांडायचे तर ते काय मांडायचे? बॅटरी कशाने बसली हे त्या गड्याला ठाऊक नव्हते, मालकाला नव्हते आणि मलाही नव्हते. म्हणून मी धुळ्याच्या एका जुन्या बॅटरी कारागिराला गाठले. त्याने बॅटरीकडे पाहिले, झाकणे उघडून आत डोकावले, मीटर लावला आणि म्हणाला, "मेलेली नाही, झोपलेली आहे. चार दिवस द्या." आजचे माझे सारे व्याख्यान म्हणजे त्या चार दिवसांचा अर्थ आहे.

बॅटरीत वीज भरून ठेवलेली नसते

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. माठात पाणी भरावे तशी बॅटरीत वीज भरलेली नसते. तिच्यात रासायनिक द्रव्ये असतात. त्यांचा संयोग होताना वीज बाहेर पडते. बाहेरून वीज दिली की तोच संयोग उलट फिरतो आणि द्रव्ये मूळ रूपात येतात. हा उलटा फेरा ज्या बॅटरीत होऊ शकतो ती पुन्हा चार्ज होणारी बॅटरी.

शिशाची बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली बनवली. शिशाचे दोन पत्रे, मध्ये कापड, सारे गुंडाळून सौम्य गंधकाम्लात बुडवलेले. पुढे १८८१ च्या सुमारास कामीय फोर याने पत्र्याऐवजी शिशाच्या लेपाच्या प्लेटा केल्या आणि ती धंद्याच्या उपयोगाची झाली. आज रिक्षात, ट्रॅक्टरमध्ये, घरच्या इन्व्हर्टरखाली जी बॅटरी आहे ती याच वंशातली.

तिच्या एका घरात, म्हणजे सेलमध्ये, दोन जातींच्या प्लेटा असतात. एक तपकिरी, शिशाच्या डायऑक्साइडची. दुसरी करडी, भुसभुशीत शिशाची. भोवती पाणी मिसळलेले गंधकाम्ल, ज्याला दुकानात नुसते ‘ॲसिड’ म्हणतात. बॅटरी वापरली जाते तेव्हा ॲसिडातला गंधकाचा अंश दोन्ही प्लेटांत शिरतो, दोन्हींवर शिशाचे सल्फेट तयार होते, आणि मागे उरलेले ॲसिड पातळ होत होत पाण्यासारखे होते. चार्जिंग करताना सल्फेट मोडते, प्लेटा पूर्ववत होतात, ॲसिड पुन्हा दाट होते. म्हणूनच कारागीर हायड्रोमीटरने ‘ग्रॅव्हिटी’ बघतात. ॲसिड किती दाट आहे यावरून बॅटरी किती भरली आहे ते समजते. आपल्या उष्ण मुलखातल्या बॅटरीत पूर्ण भरल्यावर ती साधारण १.२४ ते १.२६ असते, पुरती उतरल्यावर १.१५ च्याही खाली जाते.

एका सेलचा दाब भरलेल्या स्थितीत २.१ व्होल्ट. सहा सेल मिळून १२.६. हे दोन आकडे लक्षात ठेवावेत, पुढे उपयोगी पडतील.

नुसती पडून राहिली तरी का उतरते?

कोणी विचारील की बॅटरी वापरलीच नाही, तर उतरली कशी? घरात कोंडून ठेवलेल्या बैलाला काम नसले तरी वैरण लागतेच. तसेच बॅटरीतही प्लेटा आणि ॲसिड यांची आपापसात मंद क्रिया चालूच राहते आणि रोज थोडा थोडा साठा आतल्या आत जिरतो. या क्रियेला उष्णतेने जोर चढतो. अंदाजाचा नियम असा की दर दहा अंश उष्णतेला तिचा वेग दुप्पट होतो. २५ अंशांच्या खोलीत जी बॅटरी चार महिने तग धरील, ती ४५ अंशांत महिन्यातच तेवढी उतरेल. आणि जळगावचा मे महिना कसा असतो हे इथल्या श्रोत्यांना सांगायला नको. पत्र्याच्या शेडमध्ये त्याहूनही जास्त ताप असतो. थंड देशांत छापलेल्या पुस्तकातला ‘सहा महिन्यांनी एकदा चार्ज करा’ हा उपदेश आपण खानदेशात जसाच्या तसा पाळला तर बॅटरी हातची गेलीच म्हणून समजा.

पण नुसती उतरली, एवढ्याने बॅटरी बिघडत नाही. बिघडते ती उतरलेल्या स्थितीत पडून राहिल्याने. ताजे सल्फेट बारीक कणांचे असते, आणि चार्जिंगची वीज लागताच ते मोडते. ते तसेच राहू दिले तर बारीक कण विरघळतात आणि मोठ्या कणांवर जाऊन बसतात. मोठे कण आणखी मोठे, कठीण होतात. पिठीसाखर पाण्यात टाकली की दिसेनाशी होते. खडीसाखरेचा खडा मात्र तासभर तळाशी बसतो. दोन्ही साखरच. तसेच हे दोन्ही सल्फेटच, पण वर्षभर पडलेल्या बॅटरीत खडीसाखर झालेली असते. सल्फेटमधून वीज नीट वाहत नाही. प्लेटेवर त्याचे कवच बसले की वीज आत शिरायला वाट राहत नाही. कारागीर म्हणतात, ‘प्लेटा सल्फेट झाल्या’. तो आजार हाच.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत गावोगावच्या रिक्षा आणि काळीपिवळी गाड्या दारात उभ्या राहिल्या. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर सुरू होऊन २०२२ च्या एप्रिलपर्यंत लांबलेल्या एस. टी. कामगारांच्या संपात बसगाड्या डेपोत उभ्या होत्या. अशा दीर्घ विश्रांतीनंतर गाडीची पहिली तक्रार कशाची असते, ते कोणत्याही कारागिराला विचारा.

चार्जर ‘नाही’ का म्हणतो?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. चार्जरने नकार देण्याच्या दोन तऱ्हा आहेत आणि त्यांत फरक न केल्यामुळे पुष्कळ चांगल्या बॅटऱ्या भंगारात जातात.

पहिली तऱ्हा चार्जरच्या शहाणपणाची. आजचे स्वयंचलित चार्जर वीज सोडण्याआधी बॅटरीचा दाब मोजतात. १२ व्होल्टच्या बॅटरीत सात-आठच व्होल्ट दिसले तर त्याला वाटते की जोडणी उलटी आहे, आतला सेल तुटला आहे किंवा ही बॅटरी आपल्यासाठी नाही. तो तांबडा दिवा लावून गप्प बसतो. इथे बॅटरीने वीज नाकारलेली नसते. तिला वीज मिळालेलीच नसते.

दुसरी तऱ्हा बॅटरीची स्वतःची. चार्जर वीज सोडतो, पण सल्फेटच्या कवचामुळे ती आत शिरत नाही. मीटरवर दाब एकदम १५ व्होल्टांच्या वर जातो आणि अँपिअरचा काटा शून्यापाशी राहतो. चार्जर समजतो की बॅटरी भरली, आणि दहा मिनिटांत हिरवा दिवा लावतो. बॅटरी मात्र रिकामीच. ‘लगेच भरली आणि लगेच उतरली’ अशी तक्रार ऐकली की ही दुसरी तऱ्हा ओळखावी.

उठवण्याची रीत

त्या जिनिंगच्या बॅटरीवर आमच्या कारागिराने काय केले ते क्रमाने सांगतो. ही रीत झाकणे उघडणाऱ्या, पाणी घालण्याच्या शिशाच्या बॅटरीची आहे.

पहिल्याने त्याने बॅटरी जनरेटरवरून सोडवून शेडच्या बाहेर सावलीत, वारा खेळता राहील अशा जागी ठेवली. चार्जिंगच्या शेवटी पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन निघतो. हवेत तो शेकडा चार भाग झाला की ठिणगीने भडकतो. तेव्हा जवळ विडी नाही, सैल वायर नाही, डोळ्यांवर चष्मा आणि हाताशी बादलीभर पाणी. पेटी फुगलेली किंवा चिरलेली असती तर त्याने तिथेच काम थांबवले असते.

दुसऱ्याने टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतला. पण झाकणे घट्ट लावून, कारण सोडा आत गेला तर ॲसिड मारतो.

तिसऱ्याने आतली पातळी पाहिली. प्लेटा उघड्या पडल्या होत्या. त्या जेमतेम बुडतील एवढेच डिस्टिल्ड वॉटर घातले. काठोकाठ नाही, कारण चार्ज होताना पातळी वर येते. आणि बोअरचे पाणी तर मुळीच नाही. त्यातले क्षार आणि लोह प्लेटांचे कायमचे नुकसान करतात.

चौथ्याने त्याने आपला जुना, अँपिअरचा काटा असलेला, दाब हाताने कमीजास्त करता येणारा चार्जर लावला. त्याला शहाणपण नव्हते, म्हणूनच तो उपयोगी पडला. बॅटरी १५० अँपिअर-तासांची होती. त्याने तीन अँपिअरच्या वर वीज जाऊ दिली नाही. पहिल्या दिवशी दाब १५ च्या वर आणि वीज अर्धा अँपिअरसुद्धा नाही. मी म्हणालो, "गेली ही." तो म्हणाला, "खडा विरघळायला वेळ लागतो." दुसऱ्या दिवशी सकाळी दाब खाली उतरून तेराच्या आसपास आला होता आणि तीनही अँपिअर आत जात होते. कवच फुटले होते. मग त्याने वीज सहापर्यंत वाढवली. पेटीला हात लावून तो ऊब बघत राही. ५० अंशांच्या वर जाऊ द्यायची नाही, एवढे त्याचे धोरण. चौथ्या दिवशी सहाही सेलमध्ये बुडबुडे फुटू लागले. तासातासाने तीनदा ग्रॅव्हिटी घेतली. ती वाढेनाशी झाली तेव्हा त्याने चार्जर काढला, आणि पातळी नीट भरली.

जुना चार्जर नसेल तर कारागीर आणखी एक युक्ती करतात. त्याच व्होल्टेजची चांगली बॅटरी शेजारी ठेवून, अधिकाला अधिक आणि उण्याला उणे असे जोडतात. मात्र मध्ये गाडीच्या हेडलाइटचा बल्ब घालतात. बल्ब चार-पाच अँपिअरच्या वर वीज जाऊ देत नाही. झोपलेल्या बॅटरीचा दाब जरा वर आला की मग स्वयंचलित चार्जर तिला ओळखतो. पण शेवटची जोडणी बॅटरीपासून दूर करावी, म्हणजे ठिणगी वायूजवळ पडणार नाही.

बंद, म्हणजे ‘मेंटेनन्स-फ्री’ म्हणतात त्या बॅटरीत मात्र पाणी परत घालता येत नाही. तिला हळू चार्ज करावे, पण दाब १४.४ च्या वर चढू देऊ नये. नाहीतर आतले पाणी वायू होऊन निघून जाते.

मेली हे कशावरून ओळखावे?

चार्जिंग झाल्यावर बॅटरी बारा तास नुसती ठेवावी आणि मग मोजावी. साडेबाराच्या आसपास दाब टिकला तर आशा आहे. साडेदहावर थांबला तर हिशेब सोपा आहे: १२.६ मधून २.१ वजा केले की साडेदहा. एक सेल आतून जोडला जाऊन बसला आहे. अशा बॅटरीला कोणीही उठवू शकत नाही. सहा सेलांच्या ग्रॅव्हिटीत ०.०५ हून जास्त फरक असेल, किंवा एकच सेल बुडबुडे देत नसेल, तर तोही वाईट सेल. चार्ज करताना ॲसिड तपकिरी गढूळ झाले तर प्लेटांचा लेप गळून तळाशी बसतो आहे असे समजावे.

सारे ठीक दिसले तरी खरी परीक्षा कामाची. हेडलाइटचा बल्ब साधारण पाच अँपिअर घेतो. तो किती तास जळतो ते घड्याळ लावून पाहावे. १०० अँपिअर-तासांची बॅटरी वीस तासांच्या जवळपास चालायला हवी. सात-आठ तासांतच दाब साडेदहावर आला तर ती उठली आहे पण तिच्यात बळ राहिलेले नाही. म्हाताऱ्या हमालाला पूर्ण पोते देऊ नये, तसे तिला हलके काम द्यावे.

ई-रिक्षावाल्यांसाठी एक गोष्ट विशेष. तुमच्या शिशाच्या संचात १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या ओळीने जोडून ४८ व्होल्ट केलेले असतात. चार्जरला फक्त बेरीज दिसते. चौघींत एक बसली तर संपूर्ण संच नाकारला जातो, किंवा त्याहून वाईट म्हणजे बाकीच्या तिघी गरजेपेक्षा जास्त तापत राहतात. म्हणून ‘चारही बदला’ असे कोणी सांगितले तर आधी चारही सोडवून एकेकीचा दाब मोजा, एकेकीला १२ व्होल्टच्या चार्जरवर वेगळे भरा. कित्येकदा दोषी एकच निघते. संचाची किंमत म्हणजे रिक्षावाल्याची कित्येक दिवसांची कमाई आहे. मीटर लावायला पाच मिनिटे लागतात.

खोटी औषधे

बसलेल्या बॅटरीवर बाजारात औषधेही पुष्कळ आहेत. सगळ्यांत रूढ म्हणजे ताजे ॲसिड ओतणे. ग्रॅव्हिटी लगेच वर येते आणि गिऱ्हाईक खूश होऊन जाते. पण जरा विचार करा. ॲसिडातला गंधक कुठे गेला होता? तो प्लेटांतल्या सल्फेटमध्येच अडकलेला आहे. तो बाहेर काढायचा सोडून वरून नवा घालणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. पुढे बॅटरी चार्ज झालीच तर जुने आणि नवे ॲसिड एकत्र येऊन ते इतके दाट होते की प्लेटा आणि मधले सेपरेटर खाल्ले जातात. ॲसिड घालायचे ते फक्त सांडले असेल तेव्हा.

काही जण आतले ॲसिड ओतून, रसायनाने सल्फेट धुऊन काढतात. पण ते सल्फेट म्हणजेच बॅटरीचे शिसे आहे. ते धुऊन गटारात टाकले की बॅटरीचे मांसच कापून टाकले. पुड्या, मीठ, वेल्डिंग मशीनचा झटका यांचेही तेच. झटक्याने कधी दोन दिवस गाडी चालते. तिसऱ्या दिवशी गिऱ्हाईक रस्त्यात आणि दुकानदार हात झटकून मोकळा. खऱ्या उपायाला हळू वीज आणि धीर, एवढेच लागते.

जिथे हात लावू नये

आता मी एक कडक सूचना देतो. हे सारे शिशाच्या बॅटरीचे झाले. लिथियमच्या बॅटरीला यातले काहीही लागू नाही. ती १९९१ पासून बाजारात आली. तिच्या शोधाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मोबाइलमध्ये, ई-स्कूटरमध्ये आणि आता पुष्कळ ई-रिक्षांतही तीच आहे.

तिच्यातही झोपलेली आणि मेलेली असा भेद आहे. तिच्या पोटात एक पहारेकरी सर्किट असते. सेल फार उतरले की ते बाहेरची वाट तोडते. मीटरवर शून्य दिसते, पण आत जीव असतो. तिचा स्वतःचा, कंपनीचा चार्जर काही वेळ लावून ठेवला की कित्येकदा ती जागी होते. एवढे करून पाहावे. पण सेलचा दाब सुमारे दोन व्होल्टांच्या खाली जाऊन फार दिवस गेले असतील तर आतली तांब्याची पातळ पत्री विरघळू लागते. नंतर वीज दिली की ते तांबे भलत्याच जागी साचते, आतल्या आत जोडणी होते आणि बॅटरी पेटते. तिची आग पाण्याच्या एका बादलीने विझत नाही. पहारेकरी सर्किट बाजूला सारून, वायर थेट सेलला लावून ती ‘उठवणारे’ कारागीर आहेत. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे की ते करू नका. फुगलेली लिथियम बॅटरी तर घरातसुद्धा ठेवू नका.

याउलट स्वभावाची तिसरी जात आपल्या भुसावळला पाहायला मिळते. विजेच्या रेल्वे इंजिनात निकेल-कॅडमियमची बॅटरी असते; तिचा शोध स्वीडनच्या युंगनरने १८९९ साली लावला. वर २५,००० व्होल्टांची तार असली तरी इंजिनाचा पँटोग्राफ वर उचलायला पहिली शक्ती त्या बॅटरीची लागते. ही जात सोशीक. उतरलेल्या स्थितीत पडून राहिली तरी ती शिशासारखी खडीसाखर होत नाही; तिला पुन्हा भरता येते. म्हणजे जातीप्रमाणे वागणूक वेगळी. पेटीवरचे अक्षर वाचल्याशिवाय वायर जोडू नये.

शिशाची किंमत कोण देतो?

त्या जिनिंगमध्ये पुढे काय झाले ते सांगतो. पाचव्या दिवशी जनरेटर पहिल्या दमात सुरू झाला. मालकापुढे मी ग्रॅव्हिटीचे आकडे लिहिलेला कागद ठेवला आणि म्हणालो, ही बॅटरी सहा महिने कोणी चार्ज केली नाही. हंगाम संपल्यावर या गड्याला तुम्हीच घरी पाठवले होते. उन्हाळ्याने केलेल्या कामाचे पैसे याच्याकडून कसे मागता? कापणी रद्द झाली. त्या दिवशी मला फार आनंद झाला.

पण त्या कारागिराची हकीकत तेवढ्यावर संपत नाही. दोन-तीन वर्षांनी मी धुळ्याला त्याच्या दुकानात गेलो, तर त्याला पाना धरवत नव्हता. उजवे मनगट लोंबत होते, हात पुढे केला तर तो खाली पडे. पोटात कळा येत. त्याने वाताचे, मग पित्ताचे उपचार करून पाहिले. अखेर एका डॉक्टरांनी ‘धंदा काय?’ हा प्रश्न विचारला आणि रक्तातले शिसे तपासायला सांगितले. निदान तिथेच झाले. वर्षानुवर्षे तो जुन्या प्लेटा फोडत होता, चुलीवर शिसे वितळवत होता. शिसे ३२७ अंशांनाच वितळते. त्याला साधी भट्टी पुरते, म्हणून घरामागेही हा उद्योग चालतो. त्याची धूळ आणि धूर यांना ना चव, ना झोंबरेपणा. ती कपड्यांवर बसून घरी जाते, आणि रांगत्या लेकराच्या तोंडात जाते.

युनिसेफ आणि ‘प्युअर अर्थ’ या संस्थांनी २०२० साली काढलेल्या अहवालाप्रमाणे जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण चिंताजनक आहे, आणि त्यांतली २७ कोटींहून अधिक आपल्या भारतातली आहेत. जुन्या बॅटऱ्या उघड्यावर फोडणे हे त्याचे एक मोठे कारण त्यात दिले आहे. लहान मुलाच्या मेंदूला शिशाने झालेली इजा भरून निघत नाही, आणि अमुक इतके शिसे सुरक्षित अशी मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेला सापडलेली नाही.

१९४८ च्या फॅक्टरी कायद्याने शिशाची विषबाधा ही सरकारला कळवण्याच्या रोगांच्या यादीत घातली होती. पण दोन माणसांच्या दुकानाला फॅक्टरी कोण म्हणणार? आणि तिथल्या आजाराची खबर कोण देणार? २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. नियम चांगला आहे. तो गल्लीतल्या दुकानापर्यंत पोहोचवणे हे आपले, संघटनांचे काम आहे. तोवर कारागिरांना माझे सांगणे एवढेच: चार्जिंग करा, पाणी घाला, सोड्याने धुवा, पण प्लेटा फोडू नका आणि शिसे वितळवू नका. कामाचे कपडे दुकानातच ठेवा. जेवण्यापूर्वी साबणाने हात धुवा. दुकानात झाडू मारण्यापूर्वी पाणी शिंपडा. वर्षातून एकदा रक्त तपासून घ्या. आणि गिऱ्हाइकांनी मेलेली बॅटरी भंगारवाल्याच्या हातगाडीवर न टाकता, नवी घेताना विक्रेत्याकडे परत द्यावी.

झोपूच देऊ नका

शेवटी, सर्वांत स्वस्त उपाय सांगतो. शिशाची बॅटरी ठेवायची तर पूर्ण भरून ठेवा; लिथियमची निम्मी भरून, थंड जागी ठेवा. उण्याची वायर काढून ठेवा, म्हणजे घड्याळ, दिवे यांचा चोरटा खर्च थांबतो. पत्र्याखाली न ठेवता सावलीत ठेवा. सिमेंटच्या फरशीवर बॅटरी उतरते ही समजूत जुन्या, लाकडी आणि रबरी पेट्यांच्या काळची आहे; आजच्या प्लॅस्टिकच्या पेटीला फरशी आणि फळी सारखीच. आणि खानदेशच्या उन्हाळ्यात महिन्यातून एकदा, इतर वेळी दोन महिन्यांनी एकदा, तिला थोडी वीज द्या. भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवली की झाले.

आमच्या त्या गड्याने आता जनरेटरच्या शेडमध्ये खडूने तारखा लिहिल्या आहेत. हंगाम नसतानाही तो महिन्याला एक फेरी मारतो, आणि त्या दिवसाची हजेरी त्याला मिळते. ती आम्ही मागून घेतली. कारागीर आता प्लेटांना हात लावत नाही. मुलाला मीटर वाचायला शिकवतो आणि स्वतः खुर्चीवर बसून आकडे सांगतो. त्याचे मनगट काहीसे सुधारले आहे, पुरते नाही. बॅटरीतल्या शिशाला आपण चार दिवसांत पूर्ववत करू शकतो. माणसाच्या अंगात शिरलेल्या शिशाचे तसे नाही, एवढे ध्यानात ठेवून आपण सर्वांनी ही विद्या वापरावी, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.